सात मिलिमीटर

६ जून

कप्तान, नमस्कार.

टेम्पोवाल्याबरोबर ॲल्युमिनियमचे चार कोरे पत्रे पाठवतोय. उतरवताना कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. माणूस चांगला आहे, पण त्याला सगळं जग सिमेंटची पोती वाटतं.

पाट्यांचं दुकान बंद करताना मालकानं मला आठ पत्रे दिले, ते तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी असल्याच पत्र्यांवर लोकांची नावं रंगवली. डॉक्टर, वकील, शिंपी, दातांवाले, केसांवाले. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पत्र्यावर मी स्वतःचं काही केलं नाही. उरलेल्या आठांची होडी करायची ही कल्पना तुमची, म्हणून निम्मे पत्रे तुमचे. पुढचा अर्धा भाग मी इथे करतो, मागचा तुम्ही तिथे करा. सुकाणू मागे असतं, तेव्हा कप्तान तुम्ही आणि खलाशी मी. थोरली म्हणते, "दोन साडू मिळून एक होडी! कुठला अर्धा आधी बुडवायचा ते तरी ठरवून घ्या." धाकटीला सांगा, बहिणीची जीभ अजून ठणठणीत आहे.

आता कामाचं. पत्रा उजेडात तिरका धरलात की त्याच्यावर बारीक रेघा दिसतील, लाकडाला असतात तशा. दुमड त्या रेघांना आडवी घ्यायची. रेघेच्या बाजूनं दुमडलात तर चिरलाच म्हणून समजा. खुणा शिसपेन्सिलीनं करा, खिळ्यानं नको. ओरखडा पडला की पत्रा तिथूनच फाटतो. दुमडायच्या जागी कपड्यांच्या साबणाची वडी चोळा आणि खालून गॅसची बत्ती फिरवा. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला. तिथे थांबायचं, पुढे एक क्षणही नाही. लोखंड बिचारं आधी लाल होतं, आपल्याला सांगतं की बाबा, मी आता वितळणार. ॲल्युमिनियम तोंडावर काही दाखवत नाही. होतं तसं पांढरं असतं आणि एकदम बसकण मारतं.

मार्चचा दुसरा रविवार पक्का. तुमच्या आणि आमच्या गावांच्या मधल्या तलावावर. तुम्ही तुमचा अर्धा आणायचा, मी माझा. मध्ये रबराची पट्टी, बारा बोल्ट, आणि पाण्यात! या वयात मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला लागलोय. हसू नका.

तुमचा खलाशी,
दादा

२१ जुलै

आदरणीय दादा,

पत्रे सुखरूप पोचले, कोपऱ्यांसकट. मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तो रविवारी त्याचं वेल्डिंगचं मशीन वापरू देतो.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगायला तोंड नव्हतं. पहिलीच दुमड चिरली. रेघा बघायच्या राहिल्या. दुसरी जमली. पण खरी पंचाईत वेल्डिंगची आहे. शिवण सुरू होते झकास, आणि शेवटाला आलो की भसकन भोक पडतं. चार वेळा पडलं. गॅरेजवाला म्हणतो, "मास्तर, भूगोलच बरा होता." तीस वर्षं मी मुलांना न पाहिलेले समुद्र शिकवले, आता होडी करायची म्हणजे समुद्र सूड घेतोय असं वाटतं.

काय चुकतंय सांगाल का? तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

आपला,
कप्तान (अजून जमिनीवरच)

१२ ऑगस्ट

कप्तान,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. शेवटालाच भोक का? माझी शिवण नीट येत होती, त्यामुळे उत्तर मला ठाऊकच नव्हतं. मला कुणी शिकवलेलं नाही. मी जे शिकलो ते पत्रे जाळून शिकलो, तेव्हा म्हटलं पुन्हा जाळू. उरलेल्या पट्ट्यांवर तुमच्यासारखा सावकाश हात चालवला आणि मुद्दाम भोकं पाडायला बसलो. थोरली म्हणाली, "लोक भोकं बुजवायला मशीन घेतात, तुम्ही पाडायला घेतलंत." नऊ भोकं पडली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

ऐका. ॲल्युमिनियममध्ये उष्णता तुमच्या हाताच्या पुढे पळते. तुम्ही टोकाला पोचता तोवर टोक आधीच तापून तयार असतं. म्हणून शेवटच्या चार बोटांत हात दुप्पट वेगानं न्यायचा, आणि पत्र्याच्या मागे तांब्याची जाड पट्टी लावायची. ती जास्तीची उष्णता पिऊन टाकते. पट्टी पकडीनं आवळा, हातानं अजिबात धरू नका. आणि वायरब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवा. लोखंडावर फिरलेला ब्रश इथे लावलात की शिवण काळी पडते.

माझ्याकडून उत्तराला जरा उशीर झाला, त्याचं विशेष काही नाही. तांब्याची पट्टी तुमच्याकडे मिळत नसेल म्हणून एक सोबत पाठवतोय.

भोकांना भिऊ नका. ज्याच्या हातून भोक पडलं नाही त्यानं काम केलेलंच नसतं.

तुमचा,
दादा

१० सप्टेंबर

आदरणीय दादा,

तांब्याच्या पट्टीनं जादू केली! दोन्ही बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या. शिवण अशी आली की गॅरेजवाल्यानं त्याच्या मेकॅनिकला बोलावून दाखवली.

तुम्ही माझ्यासाठी नऊ भोकं पाडलीत हे वाचून मात्र कसंसंच झालं. एवढं करत जाऊ नका हो. खरंच नका करू.

आता बैठकीचं काय? पत्र्यांबरोबर आलेल्या तुमच्या नकाशात दोन भिंतींमधली बैठक दाखवलीये, पण माप नाही.

आपला,
कप्तान

२५ सप्टेंबर

कप्तान,

शाब्बास! तुमचं पत्र मी थोरलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिलाही आता शिवण म्हणजे काय ते कळायला लागलंय.

बैठकीचं माप सोपं आहे. दोन भिंतींमध्ये अंतर नव्वद सेंटिमीटर. बैठकीच्या दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर खाली दुमडायचे, त्यांनी भिंतींना चिकटायचं. म्हणजे शंभर सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकांपासून पाचावर रेघ मारा आणि दुमडा. माझीही बैठक याच मापाची. पण मी थांबतो, आधी तुमची होऊ दे. कप्तान बसल्याशिवाय खलाशानं बसायचं नसतं.

दादा

८ नोव्हेंबर

आदरणीय दादा,

बैठक झाली! तुम्ही दिलेल्या मापानं शंभर कापली, पाचावर दुमडली आणि दोन भिंतींमध्ये वरून सोडली. केसभर फरक नाही. हातोडा लावावा लागला नाही, की कानस फिरवावी लागली नाही. टक्कन बसली. धाकटी तिच्यावर बसून चहा प्यायली आणि म्हणाली, "भाऊजींचं माप म्हणजे माप."

आता सुकाणूच्या कडीचं तेवढं राहिलं.

आपला,
कप्तान

२ डिसेंबर

कप्तान,

तुमचं पत्र आल्यावर मीही बैठक केली. शंभर कापली, पाचावर दुमडली. उतरेचना. वाटलं, भिंती आत झुकल्या असतील. मोजल्या, बरोबर नव्वद. मग बैठक मोजली. सात मिलिमीटर जास्त.

चूक माझी. दुमडताना पत्रा बाहेरच्या अंगानं ताणला जातो, एका दुमडीला साडेतीन मिलिमीटर वाढतो. तेवढं आधीच वजा करायचं असतं. मला ते पाठ आहे, आणि तुम्हाला माप लिहिताना नेमकं तेच राहिलं. तुमच्या शिवणीचं कौतुक करण्यात मन गुंतलं होतं.

पण मग तुमची कशी बसली?

चार दिवस मी हाच हिशोब करतोय. पत्रे एकाच गठ्ठ्यातले, जाडी तीच. तुम्ही दुमडण्याआधी काही छाटलं होतं का? तुमच्या भिंतींमध्ये अंतर थोडं जास्त निघालं का? का गॅरेजवाल्यानं काही मदत केली? यातलं काहीही असलं तरी लिहा. मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं.

सोबत कागदाची लांब गुंडाळी आहे. माझ्या जोडकडेला, म्हणजे तुमचा अर्धा जिथे जुळायचा तिथे, मी बारा भोकं पाडली, त्यांचा हा ठसा. तुमच्या कडेवर हा कागद चिकटवून तशीच भोकं पाडा. मग त्या कडेवर कोरा कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा मला परत पाठवा. दोन्ही जुळले म्हणजे मी निश्चिंत.

वाट बघतोय.

दादा

४ जानेवारी

आदरणीय भाऊजी,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. ताईशी फोनवर बोलते, पण आभार फोनवर मानू नयेत असं मला वाटतं.

जावयांचं चष्म्याचं दुकान जूनमध्येच सुरू झालं आणि आता छान चाललंय. तुम्ही पाठवलेल्या पत्र्यांनी दुकानाला शोभा आली. दोन पत्र्यांची पाटी झाली आणि दोन काउंटरच्या दर्शनी बाजूला लागले. येणारा जाणारा विचारतो, एवढा चांगला पत्रा कुठून आणलात? मी अभिमानानं सांगते, माझ्या भाऊजींनी लेकीच्या दुकानासाठी पाठवला.

एकच रुखरुख आहे. पाटीवरचं नाव तुमच्या हातचं हवं होतं. मी यांना तसं म्हटलंही. हे म्हणाले, "दादांना या वयात त्रास नको." मग इथल्याच एका पेंटरकडून करून घेतलं. अक्षरं जरा पोट सुटल्यासारखी आलीत, तुम्ही हसाल.

हे हल्ली फार गप्प असतात. तुमची कागदाची गुंडाळी आली ती कपाटावर टाकलीये. मला वाटलं कॅलेंडर, मी उघडायला गेले तर केवढ्यानं ओरडले! तुम्ही एकदा यांना समजावून लिहा. तुमचंच ऐकतात.

तुमची,
धाकटी

११ जानेवारी

मास्तर,

धाकटीचं पत्र आलं. तिला काही बोलू नका. या सगळ्यात खरं बोललेली ती एकटी आहे, आणि तिच्या पत्रानं काय उघडं पडलं हे तिला ठाऊकसुद्धा नाही.

पत्रे जूनमध्येच दुकानाला लागले. म्हणजे जुलैत जी दुमड चिरली ती कसली होती? शेवटाला पडणारी भोकं कुठल्या शिवणीची? गॅरेजवाल्यानं कुणाला बोलावून काय दाखवलं? गॅरेज तरी आहे का गल्लीच्या तोंडाशी?

एक गोष्ट मी तुम्हाला कळवली नव्हती. ती नऊ भोकं पाडताना माझा डावा तळहात पोळला. तुमच्यासारखंच नवशिक्यागत करून बघायचं म्हणून पत्र्याची पट्टी हातात धरली होती. रंग बदलला नाही, तापलंय हे कळलं नाही, कातडी चिकटली. महिनाभर माझं सगळं थोरलीनं केलं, घास भरवला नाही एवढंच. म्हणून उत्तराला उशीर झाला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. तुमच्या चार नसलेल्या भोकांसाठी मी नऊ खरी भोकं पाडली, मास्तर.

पत्रे लेकीला हवे होते तर एक ओळ लिहायची होती. मी हसत दिले असते. वर म्हटलं असतं, थांबा, पाटी मी येऊन रंगवतो. चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय? माझ्याच पत्र्यावर तुम्ही दुसऱ्याचा ब्रश फिरवलात, आणि का, तर दादांना त्रास नको!

पण त्याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. माझं माप चुकलं आणि तुम्ही म्हणालात, केसभर फरक नाही. "दादा, तुमची बैठक बसत नाही," असं सांगणारा कुणीतरी आहे, या भरवशावर मी काम करत होतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

मार्चला दोन महिने आहेत. माझा अर्धा भाग मागच्या खोलीत तोंड उघडं टाकून पडलाय.

दादा

२४ जानेवारी

दादा,

कप्तान लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतं लिहितो.

गॅरेज आहे. पण मी त्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

पत्रे आले त्याच आठवड्यात मुलगी आणि जावई आले होते. दुकानाची घाई होती. मुलीनं भिंतीला टेकवलेले पत्रे बघितले आणि विचारलं, "बाबा, हे नुसतेच पडलेत का?" मी म्हणालो, "नुसतेच." जावयासमोर मला सांगता आलं नाही की तुझा सासरा या वयात होडी करणार आहे. ते हसले असते. धाकटीला वाटलं, तुम्ही दुकानासाठीच पाठवलेत. बहिणींच्या फोनवर होडीचं निघालं तरी ती तुमची एकट्याचीच आहे असं तिला वाटायचं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. म्हटलं, दुसरे पत्रे मिळवीन आणि मुकाट्यानं कामाला लागेन. तसे इथे मिळाले नाहीत. खरं सांगायचं तर दोन दुकानं बघितली आणि सोडून दिलं.

मग तुम्हाला काय लिहायचं? चिरलं, असं लिहिलं. भोक पडलं, असं लिहिलं. वाटलं, तुम्ही म्हणाल, जाऊ द्या मास्तर, तुमचं काम नाही. तर तुमचं चार पानी पत्र आलं, सोबत तांब्याची पट्टी. शाळा सुटल्यापासून मला कुणी एवढं मनापासून काही समजावलेलं नव्हतं. पुढचं पत्र यावं म्हणून मी पुढचं खोटं लिहिलं. शेवटी तर मला डोळ्यांसमोर होडी दिसायची. बैठक टक्कन बसली ते लिहिताना मला तो आवाज ऐकू आला होता, दादा.

हाताचं वाचलं आणि तुमचं ऑगस्टचं पत्र पुन्हा काढून बघितलं; उशिराचं विशेष काही नाही, एवढंच लिहिलं होतंत.

पाटी उतरवतो. जावयाला खरं काय ते सांगतो. पत्रे परत पाठवतो. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमचा
धाकटा साडू

१६ मार्च

मास्तर,

पाटी उतरवू नका. पोरांच्या पोटावर मी पाय देणार नाही. आणि रंग चढलेला, खिळे मारलेला पत्रा मला नकोही.

मी काय केलं ते सांगतो. सात मिलिमीटर वाढलेली ती बैठक घेतली, दुमडींवर साबण चोळून मऊ केली आणि उलगडून सपाट केली. तेवढी पुरेना, म्हणून नऊ भोकांच्या पट्ट्या तिच्या दोन्ही अंगांना जोडल्या, आधी भोकं बुजवून. त्याची एक भिंत झाली. होडीच्या उघड्या तोंडाला ती लावली आणि चहूबाजूंनी शिवण घातली. तुमच्या अर्ध्यासाठी ठेवलेली जागा बंद केली.

परवा, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ठरल्याप्रमाणे तलावावर गेलो. थोरली म्हणाली, "अर्ध्याच होडीला एवढा मोठा टेम्पो?" पण तिनं डबा मात्र चौघांचा घेतला होता.

होडी तरंगली. आखूड आहे, बादलीसारखी डुलते. सुकाणू नाही, वल्ह्यांनीच वळवावी लागते. बैठक भिंतीत गेली, म्हणून मी उलट्या बादलीवर बसलो. माणूस एकच मावतो. पाणी थेंबभर आत आलं नाही.

पलीकडच्या काठावर तुम्ही उभे होतात. मी तुम्हाला लांबून ओळखलं. हातात कागदाची गुंडाळी होती. तुम्ही हात वर केलात तेही बघितलं. माझ्या दोन्ही हातांत वल्ही होती. एक सोडता आलं असतं. सोडलं नाही. डावा तळहात अजून ताणला की दुखतो, आणि त्या दिवशी तो दुखतच होता. मी होडी वळवली आणि तुमच्याकडे पाठ करून परत आलो. ते मुद्दाम केलं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

पत्र लिहू नका असं म्हणत नाही. पण जे केलं नाही ते लिहू नका. काही केलं नाही, दिवसभर खुर्चीत बसलो, एवढंच असेल तर तेवढंच लिहा. मी वाचीन. उत्तर देईनच असं नाही.

आणि एक राहिलं. जोडकडेच्या बारा भोकांपैकी अकरा बुजवली. बारावं पाण्याच्या वर राहतं, ते तसंच ठेवलंय, दोर ओवायला. होडी हलकी आहे, वाऱ्यानं भरकटते. दोराचं दुसरं टोक काठावर कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. परवा ते थोरलीनं धरलं होतं. तिचे गुडघे दुखतात, तिला फार वेळ उभं राहवत नाही.

दादा